दोन छायाचित्रांच्या मधला समुद्रतळ

हवामानबदलावरच्या बहुतेक भाषणांत छायाचित्रांची एक जोडी हमखास दाखवतात. डावीकडे जुनं, करडं छायाचित्र, त्यात हिमनदीची उंच भिंत थेट समुद्रात उभी. उजवीकडे तीच जागा आजची. भिंत कित्येक किलोमीटर मागे गेलेली आणि मध्ये नुसतं पाणी. सभागृहात ‘अरेरे’ होतं आणि वक्ता पुढच्या चित्राकडे वळतो. आज आपण तसं करणार नाही. त्या दोन छायाचित्रांच्या मध्ये जे पाणी दिसतं, त्याच्या तळाशी जाणार आहोत. ही जोडी खोटी नसते, पण बऱ्याचदा अर्धवट असते, आणि ती नेमकी कुठे अर्धवट आहे हे त्या पाण्याखालच्या चिखलातून कळतं.

जागा एकच घेऊ या. नॉर्वेच्या उत्तर टोकावरून आणखी उत्तरेला निघालं, की ध्रुवाच्या वाटेवर स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह लागतो. त्यातलं सर्वांत मोठं बेट स्पिट्सबर्गेन. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, साधारण ७९ अंश उत्तर अक्षांशावर कोंग्सफ्योर्ड आहे. लांबी सुमारे २० किलोमीटर, रुंदी ४ ते १० किलोमीटर. दक्षिण काठावर न्यू-ओलेसुंड ही छोटी वस्ती. पूर्वी ती कोळशाच्या खाणीची वस्ती होती. नोव्हेंबर १९६२मध्ये खाणीत स्फोट झाला, २१ कामगार गेले, आणि त्यानंतर खाणकाम बंद झालं. आता तिथे वेगवेगळ्या देशांची संशोधन केंद्रं आहेत. भारताचं ‘हिमाद्री’ जुलै २००८पासून तिथेच आहे आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. म्हणजे नकाशावर वाटते तितकी ही जागा आपल्याला परकी नाही.

आता फ्योर्ड म्हणजे काय? कोकणातली खाडी आपल्या ओळखीची आहे. नदीने दरी कोरली आणि तिच्या तोंडात समुद्र शिरला. फ्योर्डमध्येही समुद्र दरीतच शिरलेला असतो, पण ती दरी कोरणारी नदी बर्फाची. पाण्याची नदी समुद्रसपाटीला आली की तिचं खाली कोरणं जवळपास संपतं. बर्फाची नदी समुद्रसपाटी मानत नाही. बर्फ पुरेसा जाड असेल तर तो पाण्याखाली शेकडो मीटर तळ घासत पुढे जातो. कोंग्सफ्योर्डच्या बाहेरच्या भागात खोली साडेतीनशे ते चारशे मीटरपर्यंत भरते ती त्यामुळे. आत हिमनद्यांच्या तोंडाशी मात्र ती शंभर मीटरच्याही आत येते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हा अख्खा फ्योर्ड बर्फाने भरलेला होता, आणि तो बर्फ बाहेर उथळ समुद्र ओलांडून खंडमंचाच्या कडेपर्यंत पोचला होता. त्या बर्फाने तळावर ओढलेल्या किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या समांतर रेघा आजही बाहेरच्या समुद्रात दिसतात. शेतात नांगराचे तास दिसावेत तशा.

एक गंमत सांगून पुढे जाऊ. या फ्योर्डच्या उत्तर बाजूला ब्लोमस्ट्रँडहाल्वोया नावाचं बेट आहे. नॉर्वेजियन भाषेत ‘हाल्वोया’ म्हणजे द्वीपकल्प. मग बेटाला द्वीपकल्प का म्हणतात? कारण नाव ठेवलं तेव्हा ते द्वीपकल्पच वाटत होतं. मागे ब्लोमस्ट्रँडब्रेन ही हिमनदी त्याला चिकटून होती. १९९०च्या दशकात हिमनदी मागे सरली, तेव्हा मध्ये पाणी निघालं. नकाशात आता समुद्र आहे, नावात अजून बर्फ आहे. (‘ब्रेन’ म्हणजे हिमनदी. आज हे ‘ब्रेन’ बरेचदा येणार आहेत, त्याचा मेंदूशी संबंध नाही.)

आता मुख्य मंडळींकडे वळू. फ्योर्डच्या आतल्या टोकाला दोन हिमनद्या शेजारी-शेजारी येतात आणि एकाच भिंतीने समुद्राला भिडतात. एक क्रोनेब्रेन, दुसरी कोंग्सवेगेन. बाहेरून बघणाऱ्याला एकच भिंत दिसते, पण दोघींचा स्वभाव अगदी वेगळा. क्रोनेब्रेन ही स्वालबार्डमधल्या सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी एक आहे. उन्हाळ्यात तोंडाजवळ तिचा वेग दिवसाला दोन मीटरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त असतो. शेजारची कोंग्सवेगेन मात्र दशकानुदशकं वर्षाला जेमतेम काही मीटर सरकत होती. आणि तरी १९४८मध्ये याच कोंग्सवेगेनने एकदम पुढे उडी घेतली होती.

या प्रकाराला शास्त्रात ‘सर्ज’ म्हणतात. आपण हिमनदीची उसळी म्हणू. स्वालबार्डमध्ये अशा उसळी घेणाऱ्या हिमनद्या बऱ्याच आहेत. होतं असं की हिमनदीच्या वरच्या भागात दरवर्षी बर्फ पडतो, पण खाली वाहून जातो त्यापेक्षा तो जास्त साठत राहतो. वरचा भाग फुगतो, खालचा पातळ होतो, उतार तीव्र होत जातो. मग तळाशी पाणी अडकून दाब वाढतो, घर्षण कमी होतं आणि पन्नास किंवा शंभर, कधी काही शतकं साठवलेला बर्फ थोड्या वर्षांत खाली ओतला जातो. स्वालबार्डमध्ये ही उसळी साधारण तीन ते दहा वर्षं चालते. मग पुन्हा दीर्घ शांतता.

कणकेचा गोळा लाटला की पोळी मोठी होते, कणीक वाढत नाही. उसळीत हिमनदीचं तेच होतं. बर्फ तेवढाच, पण पसरट झालेला आणि समुद्रात पुढे आलेला. पुढे आलेली ती पातळ जीभ नंतर टिकत नाही. वरून नवा पुरवठा बंद असतो, पुढून तुकडे पडत राहतात, आणि भिंत वर्षानुवर्षं मागे जाते. हवा अजिबात गरम झाली नसती तरी ती काही अंतर मागे गेलीच असती.

आता ती छायाचित्रांची जोडी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. डावीकडचं छायाचित्र १९४८च्या उसळीनंतर काढलेलं असेल, तर ते पोळी लाटून झाल्यावरचं छायाचित्र आहे. तिथपासून आजपर्यंतचं सगळं अंतर तापमानवाढीच्या खात्यावर टाकलं तर हिशेब चुकतो. चुकलेला हिशेब मग ज्यांना तापमानवाढच नाकारायची आहे त्यांच्या हाती आयतं कोलीत देतो. म्हणून कोणतं मागे सरणं उसळीनंतरचं आणि कोणतं त्यापलीकडचं, हे वेगळं करता येणं महत्त्वाचं आहे. छायाचित्रं फार तर शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत. त्याआधीचं आणि त्यामधलं तळाकडेच मागावं लागतं.

तळ बघायचा कसा? हिमनदीसमोरचं पाणी इतकं गढूळ असतं की हात बुडवला तर बोटं दिसेनाशी होतात. तिथे प्रकाश कामाचा नाही, आवाज कामाचा. होडीच्या तळाला बसवलेलं मल्टिबीम यंत्र एकाच वेळी शेकडो ध्वनिकिरण पंख्यासारखे खाली सोडतं आणि प्रत्येकाचा प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, त्यामुळे तीनशे मीटर खोल तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या चार दशांशात परत येतो. ऐकायला सोपं आहे. पण या फ्योर्डमध्ये वर वितळलेलं गोडं पाणी आणि खाली खारं पाणी असे थर असतात, दोन्हींत आवाजाचा वेग वेगळा, त्यामुळे किरण वाकतात. पाण्याचं तापमान आणि क्षारता वारंवार मोजून ही चूक काढली नाही तर सपाट तळ नकाशात वाटीसारखा दिसतो. शिवाय बर्फाच्या भिंतीजवळ होडी न्यायची नसते. इमारतीएवढा तुकडा कधी सुटेल याचा भरवसा नाही. हल्ली त्यासाठी माणूस नसलेल्या छोट्या होड्या वापरतात.

असा नकाशा तयार झाला की पहिल्यांदा नजरेत भरतात त्या आडव्या वरंब्यांच्या रांगा. फ्योर्डच्या एका काठापासून दुसऱ्या काठाकडे गेलेले, काही मीटर उंचीचे, एकामागे एक. आमच्या मते तळावरची ही सगळ्यात बोलकी खूण आहे, त्यामुळे हिच्यापाशी जरा थांबू.

हिमनदी बारमाही पुढे सरकतच असते. तिचं तोंड पुढे जाणार की मागे, हे बर्फ जितका येतो त्यापेक्षा तुटून आणि वितळून जाणारा कमी की जास्त यावर ठरतं. हिवाळ्यात समुद्र थंड, वर गोठलेला, तुकडे पडणं मंदावलेलं. त्यामुळे तोंड थोडं पुढे येतं आणि येताना समोरचा मऊ चिखल ढकलून त्याचा बांध घालतं. उन्हाळ्यात तुकडे पडायला लागतात, तोंड मागे जातं, बांध जागच्या जागी राहतो. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच, फक्त जरा मागे. शाळेच्या भूगोलातला ‘हिमोढ’ आठवत असेल, हा त्याचाच लहान, वार्षिक भाऊ. दोन वरंब्यांमधलं अंतर ऐंशी मीटर असेल, तर त्या वर्षी हिमनदी ऐंशी मीटर मागे सरली असं धरता येतं. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसं हे मोजता येतं.

पण ही वर्तुळं इतकी प्रामाणिक नाहीत. एखाद्या हिवाळ्यात तोंड जास्तच पुढे आलं तर ते मागच्या वर्षीचा वरंबा चिरडून टाकतं, आणि नोंदवहीतून एक वर्ष गायब होतं. एखाद्या वर्षी दोन वरंबे पडतात. म्हणून नुसतं मोजून भागत नाही, कुठेतरी खुंटा लागतो. स्वालबार्डसाठी तो खुंटा १९३६मध्ये नॉर्वेने विमानातून काढलेल्या छायाचित्रांत मिळतो आणि त्यानंतरच्या हवाई छायाचित्रांत. दोन ज्ञात तारखांच्या भिंतीच्या जागा नकाशावर ओढायच्या, मधले वरंबे मोजायचे, आणि वर्षांशी ताळा जमतो का बघायचं. जिथे जमतो तिथे छायाचित्रांच्या आधीच्या वरंब्यांवरही थोडा विश्वास टाकता येतो.

वरंब्यांच्या रांगेत मध्येच एखादा दांडगा निघतो. उंची दहा-वीस मीटर किंवा अधिक, बाहेरच्या बाजूला उतारावरून चिखल घसरून जिभेसारखा पसरलेला. हा अंत्य हिमोढ. इथपर्यंत हिमनदी आली आणि थांबली. प्रश्न असा की ती इथपर्यंत आली कशी? गारठ्याची काही दशकं होती म्हणून सावकाश आली, की उसळी घेऊन आली? दोन्हींत बांध तसाच दिसतो. फरक कळतो तो बांधाच्या आतल्या बाजूला.

उसळी घेणारी हिमनदी वेगाने सरकताना तळावर प्रवाहाच्या दिशेने रेघा ओढते. शिवाय या धावपळीत बर्फ सगळीकडून चिरफाळतो, काही भेगा थेट तळापर्यंत जातात. उसळी संपते आणि तो जडशीळ, भेगाळलेला बर्फ मऊ चिखलावर बसतो. मग काय होणार? सोऱ्यात दाब दिला की पीठ जिथे भोक असेल तिथूनच बाहेर येतं. इथे चिखल भेगांमधून वर चढतो. पुढे बर्फ शांतपणे वितळून गेला की भेगांचा साचा चिखलात तसाच उभा राहतो. वरून पाहिलं तर शंकरपाळ्यांसारखी जाळी. सावकाश पुढे येणाऱ्या हिमनदीखाली अशी जाळी सहसा तयार होत नाही.

ही जाळी सगळ्यात ठळक दिसली ती कोंग्सफ्योर्डमध्ये नव्हे, तर स्वालबार्डच्या ईशान्येकडच्या नूरऑस्टलांडेट बेटावर, ब्रोसव्हेलब्रेनसमोर. १९३६ ते १९३८च्या दरम्यान या हिमनदीने प्रचंड उसळी घेतली आणि तिचं तोंड काही ठिकाणी सुमारे २० किलोमीटर पुढे गेलं. नंतर ते मागे गेल्यावर १९८०च्या दशकात तिथल्या तळाचा अभ्यास झाला आणि ही जाळी आणि उसळी यांची सांगड पक्की बसली. उसळीचं वर्ष माहीत होतं, तिची हद्द माहीत होती, आणि तळ तिच्यानंतर कुणी फारसा विस्कटलेला नव्हता. इतकी चांगली प्रयोगशाळा क्वचित मिळते.

जाळीच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. टेम्पलफ्योर्डमधल्या टुनाब्रेनने १९३०, १९७१ आणि २००२ ते २००४ अशा उसळ्या घेतल्या आणि २०१६च्या अखेरीस पुन्हा सुरुवात केली. इतक्या वेळा पाटी पुसून लिहिल्यावर आधीचं किती वाचता येणार? नंतरची उसळी जास्त लांब गेली तर आधीची खूण सपाट होते. जाळी नाही म्हणजे उसळी नव्हती, असं म्हणता येत नाही. जाळी आहे म्हणजे उसळी होती, असं मात्र बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

आता पुन्हा कोंग्सफ्योर्ड. क्रोनेब्रेन-कोंग्सवेगेनच्या समोर तळावर प्रवाहरेघा आहेत, अंत्य हिमोढ आहेत, बाहेरच्या उताराला घसरलेल्या चिखलाच्या जिभा आहेत, त्यांच्या आत बारीक वरंब्यांच्या रांगा आहेत. बर्फाखालून वाहणाऱ्या बोगद्यांतल्या वाळू-गोट्यांच्या नागमोडी कणाही आहेत, त्यांना एस्कर म्हणतात. सगळ्यात बाहेरचा मोठा बांध १८६९च्या सुमारास क्रोनेब्रेनने घेतलेल्या उसळीशी जोडला जातो, आणि त्याच्या आतला १९४८च्या कोंग्सवेगेनच्या उसळीशी. दुसरी उसळी पहिलीच्या रेषेपर्यंत पोचली नाही. यावरून ‘बघा, उसळ्यासुद्धा आखूड होत चालल्या’ असं म्हणायचा मोह होतो. आम्हालाही झाला होता. पण या दोन उसळ्या दोन वेगळ्या हिमनद्यांच्या आहेत, त्यामुळे केवळ तेवढ्यावर निष्कर्ष काढणं बरं नाही.

इतकं नक्की म्हणता येतं की या भिंतीचं १९४८नंतरचं मागे सरणं निदान काही अंशी उसळीनंतरची घसरण आहे. मग तापमानवाढ कुठे दिसते? ती बर्फाच्या जमाखर्चात दिसते. न्यू-ओलेसुंडजवळच्या ऑस्त्रे ब्रोगरब्रेन या जमिनीवरच संपणाऱ्या हिमनदीवर १९६७पासून आणि कोंग्सवेगेनवर १९८७पासून दरवर्षी किती बर्फ पडला आणि किती वितळला याची मोजणी चालू आहे. ब्रोगरब्रेनचा हिशेब जवळजवळ सगळी वर्षं तोट्यात आहे. म्हणजे पोळी लाटली गेली की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी कणीकच कमी होते आहे. समुद्रतळ आणि हा जमाखर्च एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. दोन्ही लागतात.

आता या चिखलाकडे नीट पाहू, कारण इतका वेळ आपण त्याला नुसता ‘चिखल’ म्हणतो आहोत.

हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात. जात्यात धान्य दळावं तसा खडक दळला जातो आणि त्याचं पीठ होतं. शास्त्रीय पुस्तकांतही त्याला दगडाचं पीठच म्हणतात. वितळलेलं पाणी हे पीठ घेऊन हिमनदीच्या पायथ्याशी, म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाखाली पन्नास-साठ मीटरवर बाहेर पडतं. पाणी गोडं, त्यामुळे खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. पीठ पोटात असूनही ते उकळी फुटल्यासारखं भिंतीला लागून वर चढतं आणि पृष्ठभागावर पसरतं. उन्हाळ्यात त्या ठिकाणी कुरव पक्ष्यांची झुंबड उडते. खालून वर आलेले समुद्रातले बारीक जीव गोड्या पाण्याने गलितगात्र झालेले असतात आणि पक्ष्यांना आयतं ताट वाढलेलं मिळतं.

या गढूळ पाण्याचा रंग आतल्या भागात लालसर तपकिरी दिसतो. कारण क्रोनेब्रेन ज्या खोऱ्यातून येते तिथे डेव्होनियन काळातला, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीचा लाल वालुकाश्म आहे. फ्योर्डच्या दुसऱ्या बाजूच्या संगमरवरी आणि करड्या खडकांवरून येणाऱ्या हिमनद्यांचं पाणी राखाडी असतं. त्यामुळे तळातल्या चिखलाचा नुसता रंग बघूनही तो कोणाच्या घरचा आहे याचा अंदाज येतो.

पीठ इतकं बारीक असतं की खरं तर ते बुडायला नको. एक छोटा हिशेब करू. दोन मायक्रॉन व्यासाचा कण एकटा असेल, तर इतक्या थंड पाण्यात तो दिवसाला वीस सेंटिमीटरही खाली जात नाही. शंभर मीटर खाली जायला त्याला दीड वर्ष लागेल, आणि तोवर प्रवाहाने तो फ्योर्डबाहेर पोचेल. प्रत्यक्षात तसं होत नाही. खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजके एक-दोन दिवसांत तळ गाठतात. म्हणून बहुतेक गाळ हिमनदीच्या दाराशीच पडतो. तोंडाजवळ वर्षाला पाच ते दहा सेंटिमीटर, काही जागी त्याहून बराच जास्त. फ्योर्डच्या तोंडाकडे जाता जाता हाच दर मिलिमीटरांवर येतो.

यातून एक अडचण निघते. वर्षाला सात सेंटिमीटर म्हटलं तर तीस वर्षांत दोन मीटर, म्हणजे आपले लाडके वरंबे गाडले जातील. वाचतात ते एवढ्यासाठी की हिमनदी मागे जाताना आपली गाळाची धारही मागे नेते. जी हिमनदी एकाच जागी दीर्घकाळ थांबते ती स्वतःच्या नोंदी स्वतःच पुरते. तिथे मल्टिबीम पुरत नाही, चिखलात शिरणारा खालच्या पट्टीचा ध्वनी वापरून पुरलेले थर शोधावे लागतात.

आणि मग शेवटी नळी. वजन बांधलेली पोलादी नळी होडीवरून खाली सोडतात, ती चिखलात रुतते, वर ओढली की आत चिखलाचा दंडगोल मिळतो. प्रयोगशाळेत त्याचे उभे दोन भाग करतात. पहिल्यांदा अशी नळी उघडलेली पाहिली तेव्हा आमची थोडी निराशाच झाली होती. एकसारखा लालसर लगदा, बाकी काही नाही. एक्स-किरणांखाली ठेवल्यावर त्यात दोऱ्याएवढ्या रेषा उमटल्या. वाळूची एक, चिकणमातीची एक, पुन्हा वाळूची. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या चढउताराने आणि भरती-ओहोटीने घातलेल्या घड्या. आणि मऊ थरांत मध्येच एक टपोरा दगड, खालच्या रेषा वाकवून बसलेला. इतका दगड पाण्यातून तरंगत येणार नाही. तो हिमनगाने आणला आणि वितळताना सोडला. असे दगड जिथे वाढतात तिथे त्या काळात समुद्रात हिमनग बरेच होते, असं समजायचं.

थरांचं वय काढायला अलीकडच्या शतकासाठी शिसे-२१० वापरतात, त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. जोडीला सीझियम-१३७, जे अणुचाचण्यांमुळे १९६३च्या आसपासच्या थरात सर्वाधिक सापडतं. जुन्या थरांसाठी कार्बन-१४. पण इथे कोळसा आहे. खडकातलाच कोळशाचा भुगा चिखलात मिसळतो आणि त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जुना असतो. सरसकट चिखलाचं वय काढलं तर तो उगाच म्हातारा ठरतो. म्हणून शिंपल्यांचं वय काढतात, आणि हवा तिथे शिंपला मिळेलच असं नाही.

कोळशाचा हा घोळ आणखी एका ठिकाणी आडवा येतो. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगभरच्या फ्योर्डांच्या तळात दरवर्षी सुमारे १ कोटी ८० लाख टन सेंद्रिय कार्बन गाडला जातो, म्हणजे साऱ्या समुद्रांत गाडल्या जाणाऱ्यापैकी ११ टक्के. फ्योर्डांचं क्षेत्रफळ समुद्राच्या एक सहस्रांशाहूनही कमी, म्हणून हा आकडा मोठा. पण स्वालबार्डसारख्या जागी त्यातला किती कार्बन ताज्या शेवाळाचा आणि किती जुन्या कोळशाचा, हे वेगळं केल्याशिवाय ‘फ्योर्ड हवेतला कार्बन पुरतात’ असं म्हणू नये. जुना कोळसा इकडून तिकडे हलला तर हवेतलं काही कमी होत नाही.

आता सध्याच्या हालचालींबद्दल थोडं. कोंग्सफ्योर्डच्या तोंडाला ठळक उंबरठा नाही. बाहेरून अटलांटिकचं कोमट पाणी सरळ आत येऊ शकतं, आणि २००६च्या सुमारापासून ते हिवाळ्यातही जास्त येऊ लागल्यावर फ्योर्डमधला गोठलेला समुद्र बराच घटला. क्रोनेब्रेनसह तीन हिमनद्यांवरच्या निरीक्षणांतून असं दिसलं की भिंतीचे तुकडे पडण्याचा वेग समुद्राच्या तापमानाबरोबर वाढतो. २०११नंतर क्रोनेब्रेनचं तोंड झपाट्याने मागे गेलं. भारताने जुलै २०१४मध्ये याच फ्योर्डमध्ये सुमारे १९० मीटर खोल पाण्यात ‘इंडआर्क’ ही उपकरणांची साखळी सोडली, ती पाण्याचं तापमान आणि क्षारता खोलीनुसार मोजण्यासाठीच. वरंब्यांचा विचार केला तर हिवाळा सौम्य होत गेला की हिमनदीचं ते हिवाळी पुढे येणं कमी होणार आणि वार्षिक बांध पुसट होत जाणार. दरम्यान कोंग्सवेगेन गेल्या काही वर्षांत पुन्हा वेग घेऊ लागली आहे. तिने खरंच उसळी घेतली, तर एखाद्या बातमीत ‘आर्क्टिकमध्ये हिमनदी वाढली’ असं वाचायला मिळेल. तेव्हा पोळी आठवा.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं की या हिमनद्या मागे जाता जाता पूर्ण जमिनीवर गेल्या तर तळाचं काय होईल. याचं उत्तर शोधायला भविष्यात जायला नको. ब्रोगरब्रेन आजच जमिनीवर संपते, आणि तिचं पाणी बायेल्वा नावाच्या नदीतून न्यू-ओलेसुंडजवळ फ्योर्डला मिळतं. तिथे गढूळ पाणी तळातून उसळत नाही, वरच्या वर पसरतं, त्यामुळे पक्ष्यांचं आयतं ताट नाही. गाळ येतो, पण नदीच्या पुरांच्या लहरीवर. बांध घालायला बर्फाची भिंत नाही आणि दगड टाकायला तिचे स्वतःचे हिमनग नाहीत. बायेल्वासमोरच्या चिखलाची नळी आणि क्रोनेब्रेनसमोरची नळी शेजारी-शेजारी ठेवून बोट फिरवलं, तर पहिलीत ते सरळ जातं आणि दुसरीत मध्येच दगडाला अडतं.